न मारलेला वॉचमन

आये, तुझा पणतू चोर निघाला हे तुला तिकडे कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते. पण मी बसलेय ती त्याच्या पुढचं सांगायला, तेव्हा लगेच कपाळाला हात लावू नकोस. तू मला चौथीपर्यंत शिकवलंस, त्यातही मिठाच्या हंगामात शाळा बुडायचीच, त्यामुळे माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे. तुला वाचता येत नव्हतं, तू पाटीकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "मुंग्या बऱ्या चालल्यान." आज त्याच मुंग्या चालवतेय, मोरव्याच्या आपल्याच घरात. घर आता स्लॅबचं झालंय, मागच्या खाजणात इमारती उभ्या राहिल्यात, आणि ज्या तिवरांत तू दारूची भट्टी लपवायचीस तिथं माणसं सकाळी बूट घालून चालायला येतात. चालून कुठेच जात नाहीत, परत घरीच येतात.

पोरगा माझ्या मुलाचा. मुलगा म्हणजे तुझा नातू, जो तुझ्या मांडीवर बसून सुके बोंबील चघळायचा. तो आता बेव्हर्ली पार्कात फ्लॅट घेऊन राहतो, ऑफिसात आहे, आणि घरात मासळी तळली तर खिडक्या लावतो. त्याचा पोरगा पंचविशीचा घोडा, दोन नोकऱ्या धरून सोडलेला. दोन दोस्तांबरोबर मीरा रोडला एक मोबाइलचं दुकान फोडायला गेला. दोस्त शटर उचलून आत गेले, याचं काम फक्त बाहेर स्कूटर चालू ठेवून उभं राहायचं. कुणीतरी वरून ओरडलं, दोस्त माल घेऊन गल्लीतून पळाले, आणि याची स्कूटर बंद पडली ती पडलीच. पोलीस आले तेव्हा हा किका मारत होता. आपल्या घराण्यात चोरी करायची अक्कल नाही, हे तरी त्यातून सिद्ध झालं.

कोर्टात त्याने सगळं कबूल केलं. मी तिथं होते, पण वकील काय बोलला ते अर्धं इंग्रजीत गेलं. मला कळलं ते एवढं की पहिलाच गुन्हा, वय लहान, म्हणून तुरुंगात न पाठवता बाँडवर सोडला. नीट वागायचं, एका सरकारी साहेबाच्या नजरेखाली राहायचं, आणि सुधारायच्या वर्गाला जायचं. तो वर्ग एक ट्रस्ट चालवते, मीरा रोड स्टेशनजवळ दुकानांच्या वर एका हॉलमध्ये. साहेब सरळ माणूस, गोड बोलणारा नाही. म्हणाला, "वर्ग पूर्ण केलास तर मी चांगला रिपोर्ट देईन. मध्येच सोडलास तर तसा रिपोर्ट जाईल, मग ठाण्याचा तुरुंग आणि तू." मुलाने घरी जाऊन सोसायटीत काय सांगायचं याचा विचार केला आणि पोराची बॅग माझ्या दारात आणून ठेवली. "आई, अ‍ॅक्च्युअली तुझ्याकडे त्याला मोकळी हवा मिळेल." मी म्हटलं, हवा कसली रे, बाजूला बिल्डरचं काम चालू आहे, सिमेंट मिळेल. पण पोराला घेतलं आत.

पहिल्या मंगळवारी मी त्याच्याबरोबर गेले. तो रिक्षात म्हणतो, "आजी, तू नको ना येऊस यार, लोक हसतील." म्हटलं, चोराला काय लोकांची लाज? हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या, भिंतीवर हिरव्या कागदाचं झाड चिकटवलेलं, आणि त्या झाडाखाली बारा भानगडींचे बाप्ये तोंडं पाडून बसलेले. वर्ग घेणारी मॅडम माझी नातसून शोभेल अशा वयाची, काडीसारखी, सारखा फोन वाजतोय. मला म्हणाली, "आजी, तुम्ही आत नाही बसू शकत, इथं त्यांना मोकळं बोलायचं असतं." तर मी मागच्या खोलीत गेले. तिथं शिपाई चहा करत होता. मी एक घोट घेतला आणि त्याला बाजूला केलं. भांडी विसळलेलं पाणी बरं. तेव्हापासून मंगळवारचा आणि शुक्रवारचा चहा माझा. मॅडम आधी संकोचली, मग तिनेही दुसरा कप मागितला. खोलीच्या भिंतीला कप पुढे सरकवायला एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीतून सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. मी पाळत ठेवायला गेले होते, चहा हे निमित्त, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुला वाटेल बाप्ये दारूसाठी, मस्तीसाठी वर्ग सोडतात. मलाही तसंच वाटायचं. एक होता, मारामारीच्या केसमधला, मान खाली घालून चहा प्यायचा, त्याला भाईंदर पूर्वेला स्टीलच्या गाळ्यात काम लागलं. शेट म्हणाला मंगळवारी दुपारी सुट्टी हवी तर कायमचीच घे. त्याने काम धरलं, वर्ग सुटला. म्हणजे बघ, वर्ग कशासाठी, तर माणूस कामाला लागावा म्हणून, आणि माणूस कामाला लागला तर वर्गात गैरहजर. दुसरा एक यायचा बंद झाला कारण खालच्या दुकानात त्याच्या बायकोचा भाऊ कामाला आहे, आणि जिना चढताना दर वेळी त्याची नजर. तिसऱ्याच्या बरोबर समोरच्या खुर्चीत तोच माणूस येऊन बसला ज्याने त्याला पावडरची सवय लावली होती. मोकळं बोल म्हणे. एक मात्र खरंच हरामखोर होता, माझे दोन कप घेऊन गेला. पण मॅडमला विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "सोडून गेला, आजी." मी पण मान हलवायचे. आपला पोरगा जातोय ना, मग बाकीच्यांचं मला काय?

आणि आपला पोरगा तर तिथं हिरा झाला होता. त्या ट्रस्टला पैसे देणारी माणसं अधूनमधून बघायला येतात, कंपन्यांची, सोसायट्यांची, हातात पाण्याच्या बाटल्या. त्यांच्यापुढे एकेकाने उभं राहून आपण काय केलं आणि आता कसे बदललो ते सांगायचं. बाकीचे बाप्ये त त प प करायचे. पोरगा बोलायला गोड, हिंदी फर्डं, मॅडम त्यालाच उभा करायची. पहिल्यांदा त्याने जसं घडलं तसं सांगितलं. शटर, स्कूटर, किका. पाहुणे लिफ्टची वाट बघावी तसे ऐकत होते. एक गुजराती शेट म्हणाला, "बस, इतनाही?" आणि बाटली तोंडाला लावली.

पुढच्या खेपेला मी कप विसळत होते आणि पोराच्या गोष्टीत एक वॉचमन आला. म्हातारा, खुर्चीत झोपलेला. माझे हात थांबले. त्याच्या पुढच्या खेपेला वॉचमन जागा झाला आणि पोराने त्याला ढकललं. मग एकदा लोखंडी रॉड आला, रक्त आलं, आणि त्या म्हाताऱ्याने हात जोडले.  मग टाळ्या. मोत्याच्या कुड्या घातलेली एक बाई रडत पुढे आली, तिने पोराचा हात दोन्ही हातांत धरला. मॅडम नंतर त्याला म्हणाली, "तू फार मनापासून बोलतोस." आणि मी इकडे खिडकीत उभी, हातात गाळणं. मला वाटलं, म्हणजे हे कोर्टापासून लपवलं याने. माझ्यापासून लपवलं. वर्गाने हळूहळू बाहेर काढलं. आये, मी त्याला त्या दिवसापासून नीट जेवायला वाढलं नाही. ताट समोर सरकवायचे. चोर ठीक आहे, चोर मी पोसते, पण म्हाताऱ्याला रॉडने मारणारा माझ्या घरात भात खातोय, हे घशाखाली उतरत नव्हतं.

आणि मग एका मंगळवारी तो उठलाच नाही. म्हणाला, "मी नाही जाणार वर्गाला." का? "कंटाळा आला." शुक्रवारीही तेच. हा पण आता स्टीलच्या गाळ्यात लागला होता, पातेली घासून चकचकीत करायच्या बफिंगच्या मशीनवर, संध्याकाळी घरी येतो तो तोंड तव्यासारखं काळं करून. पण याचा शेट भला, वर्गासाठी सोडायचा. तेव्हा कामाचं निमित्त नव्हतं. साहेबाचा फोन आला, "महिनाअखेरीला रिपोर्ट जायचा आहे, तो येत नसेल तर मला तसं लिहावं लागेल." मी मुलाला फोन केला. वाटलं, बाप आहे, येईल, कान धरून नेईल. तो म्हणाला, "सोड आई. अशी माणसं सुधारत नाहीत. रक्तातच आहे. तुझी आई नाही का शिवणवर्ग सोडून आली होती? पोरगा तिच्यावर गेलाय."

फोन मी आपटला असता, पण तो मोबाइल, आपटला तर आपलंच नुकसान.  तो शिवणवर्ग सगळ्या गावाला माहीत आहे, तू गेल्यावर इतकी वर्षं झाली तरी माहीत आहे. पण तिथं तुझ्याबरोबर होते फक्त मी.

तुला चौकीत ठेवलं होतं, मग दंड झाला, आणि मग शहरातल्या बायकांचं ते मंडळ आलं, भट्टीवाल्या बायकांना शिवण शिकवून सुधारायला. शाळेच्या वर्गात मशीनं मांडलेली. मी बाकाखाली बसलेय, माझ्या हातात चिंध्यांची बाहुली आहे, आणि तू मशीनवर वाकलीयेस. मिठाने चिरलेल्या तुझ्या बोटांना दोरा अडकतोय, तरी झबलं जमतंय. तुला ते आवडत होतं. तू घरी येऊन बाबांना सांगितलंस, "मशीन काय बेस धावतं." दारू तू तेव्हा काढतच नव्हतीस. पिंप कधीच विकलं होतंस, मिठागरात टोपल्या वाहायला लागली होतीस, आणि दुपारी वर्गाला यायचीस. हे मला ठाऊक, कारण टोपलीची चुंबळ मी वळून द्यायचे.

मग त्या मंडळाच्या मोठ्या बाई आल्या, बरोबर पाहुण्या. बाईंनी तुला उभं केलं. "सांगा, तुमच्या दारूने किती संसार उद्ध्वस्त झाले." तू म्हणालीस, "दारू काढली, खरं हाय. इकली, ते पन खरं हाय. आता सोरली." बाई म्हणाल्या, "तसं नाही, विष होतं ते, लोक आंधळे झाले, मेले, ते सांगा." तू त्यांच्याकडे असं बघितलंस की जणू त्यांनीच तुला शिवी दिली. "कोन आंधला झाला? नाव सांगा. मी कवा नवसागर टाकला न्हाय. गूळ आनि साल, दुसरं काय न्हाय. माझ्या दारूनं कोन मेला न्हाय." बाई हसून म्हणाल्या, "पाहा, अजून अभिमान आहे." तू ते अर्धं झबलं घडी घातलंस, मशीनवर ठेवलंस, सुई त्याला टोचून ठेवलीस म्हणजे हरवायला नको, आणि बाकाखालून मला ओढून काढलंस. "चल गो." वाटेत मी विचारलं, उद्या यायचं का? तू म्हणालीस, "मी चोरून दारू काढली. खोटी न्हाय काढली." गावाने म्हटलं, बाई परत भट्टीला लागणार. पोलीस नंतर दोनदा घर उसकटून गेले, त्यांना तांदूळ सापडले. तू कुणालाच काही सांगायला गेली नाहीस. मंडळाच्या बाईंनी तुझ्याबद्दल सगळीकडे हेच सांगितलं असेल, की सोडून गेली.

तर मी त्या दिवशी पोरगा गाळ्यातून आल्यावर त्याला मोरीत तोंड धुऊ दिलं आणि दारात उभी राहिले. म्हटलं, "त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"कोणता म्हातारा?"

"ज्याला तू रॉडने मारलास तो. मेला का जगला?"

त्याच्या तोंडाला साबण, डोळे मिटलेले. तो तसाच म्हणाला, "वॉचमन नव्हताच, आजी."

"म्हणजे?"

"त्या दुकानाला वॉचमनच नाही. मी स्कूटरवर बसलो होतो. कुणाला हात लावला नाही मी."

मी म्हटलं, मग ते रक्त कुठून आलं रे? आणि तो मोरीच्या कट्ट्यावर बसून सांगायला लागला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कुणी ऐकलंच नाही. मग वॉचमन घातला तर लोक पुढे वाकले. ढकललं तर मॅडम खूश. मारलं तर बाई रडली. "आता मोठे पाहुणे येणार आहेत, साहेबपण बसणार आहेत. मॅडम म्हणाली तुझी स्टोरी सगळ्यात शेवटी ठेवू. आणि मी गाळ्यात पातेलं घासताना विचार करत होतो, आजी, की म्हातारा या वेळी मरतो का. म्हणजे मी ठरवत होतो, त्याला मारू का नको. मग माझीच मला भीती वाटली. चोरी मी एकदा केली. इथं मी दर महिन्याला करतोय." साबण सुकून त्याच्या तोंडाला पापुद्रे आले होते. "आणि खरं सांगावं तर सगळे म्हणतील हा खोटारडा. खोटं बोलत राहिलो तर साहेब म्हणेल ही मारहाण केसमध्ये कशी नाही. मग म्हटलं जाऊ दे, आत जाऊ. आत कुणी गोष्ट तर विचारत नाही."

आये, मी त्या वेळी काय केलं सांगू? मी म्हटलं, "तोंड धू आधी, माकडासारखा दिसतोयस." आणि आत जाऊन भात टाकला. पण माझी छाती अशी भरून आली होती की तांदूळ धुवायचे राहिले. मुलगा म्हणतो पोरगा तुझ्यावर गेलाय. मी म्हणते, गेलाय तर गेलाय! तुरुंग समोर दिसतोय तरी खोटं पुढे ओढवेना म्हणून जो वर्ग सोडतो, तो तुझ्यावर नाही तर कुणावर गेला? मला असला चोर चालेल.

पण चालेल म्हणून भागत नव्हतं, महिना संपत आला होता. पोरगा म्हणे मी तोंड दाखवणार नाही. तेव्हा मी एकटी गेले आणि मॅडमला मागच्या खोलीत बोलावलं. वॉचमनचं मी सांगितलं नाही, ते त्याचं त्याने सांगायचं. एवढंच म्हटलं, "तुम्ही त्याला उभा करता म्हणून तो येत नाही."

ती म्हणाली, "पण आजी, त्याला बोलून मोकळं वाटतं."

"मोकळं वाटायला माणूस एकदा बोलतो. पुन्हा पुन्हा बोलतो तो टाळ्यांसाठी. तुम्ही त्याला चोर म्हणून कामाला ठेवलाय इथं. तो सुधारला तर तुमच्या पाहुण्यांना काय दाखवाल?"

मला वाटलं आता ही रडेल नाहीतर चिडेल. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तेच तर तुम्ही सांगा ना मला. सुधारलेला माणूस दाखवायचा कसा? तो नुसता बसलेला असतो. पाहुणे नाही आले तर हा हॉल बंद, आणि हॉल बंद झाला तर कोर्ट या सगळ्यांना कुठे पाठवणार? थेट आत."   पोरगी खोटं बोलत नव्हती. मी चहा गाळला, तिला दिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग त्या दिवशी त्याच्या जागी मला उभी करा. माझी आई दारू काढायची. तिलाही सुधारत होते."

घरी येऊन सांगितलं तर पोरगा म्हणतो, "आजी, तू पागल झालीस का? तू काय बोलणार तिकडे?" म्हटलं, ये आणि बघ.

आले पाहुणे. मोत्याच्या कुड्यांची बाई होती, तो गुजराती शेट होता, कोपऱ्यात साहेब मांडीवर फाइल घेऊन बसलेला. मी पदर खोचून उभी राहिले, अर्धं मराठीत, अर्धं माझ्या हिंदीत. म्हटलं मेरी माँ दारू बनाती थी, और एकदम साफ बनाती थी. चौकी, दंड, मशीन, झबलं, सगळं सांगितलं. नवसागरावर आले तेव्हा तो शेट मध्येच म्हणतो, "माँजी, गुड कितने दिन सडाना पडता है?" मॅडमने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, शेट, आधी चौकी, बाद में रेसिपी. बाप्ये खो खो हसले, त्या हॉलमध्ये पहिल्यांदा. तू वर्ग कसा सोडलास तेही सांगितलं, आणि सोडल्यावर दारूला पुन्हा कधी हात लावला नाहीस, तेही. टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या.

आणि मी बसायला वळते तर दारात पोरगा उभा. गाळ्यातून तसाच आलेला, तोंड काळं, बनियनवर शर्ट अर्धा घातलेला. माझी फजिती बघायला आला होता म्हणे. तो आत आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. साहेबाकडे बघून म्हणाला, "सर, एक बोलायचंय. मी इथं जे वॉचमनचं सांगायचो ते खोटं आहे. वॉचमन नव्हताच. मी कुणाला मारलं नाही. मी स्कूटर धरून उभा होतो आणि ती बंद पडली. बस, इतनाही."

टाळ्या नाहीत.  कुड्यांची बाई लाल झाली. "तो हम रोये किसके लिए थे?" तिने मॅडमला विचारलं, पोराला नाही. मॅडम उभी राहिली होती. पोरगा तिथंच उभा, हात मागे, कोर्टात उभा होता तसा. फरक एवढाच की कोर्टात त्याला वकिलाने शिकवून उभा केला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि आये, मला त्या सगळ्या हॉलला ओरडून सांगावंसं वाटलं, हा माझा आहे. नाही सांगितलं. चहा उतू जात होता.

पाहुणे गेल्यावर साहेब मागच्या खोलीत आला. कप घेतला, फुंकर मारली. पोराला म्हणाला, "तुझ्या केसच्या कागदांत वॉचमन नाही. पण तू दिवस बुडवलेस ते बुडवलेस, ते मला लिहावं लागणार." पोरगा म्हणाला, हो. "परत आला हेही लिहीन. बुडालेले दिवस शेवटी भरून द्यायचे. पुढे एक जरी चुकला तरी मी ऐकणार नाही." पाठ थोपटली नाही, हसला नाही, कप ठेवून गेला. मला तो माणूस तेव्हा पहिल्यांदा आवडला.

आता पोरगा जातो. मागच्या मंगळवारी गेला, कालही गेला. गोलात बसतो, विचारलं तर बोलतो, नाहीतर गप्प. ती कुड्यांची बाई आणि तिची माणसं परत आलेली नाहीत, मॅडम साखर जपून वापरा म्हणते, आणि हॉल किती दिवस चालेल ते मला माहीत नाही. गैरसमज नको, मी काही सगळं ठीक करून आलेले नाही. ज्याला गाळ्याच्या कामामुळे यायला जमत नव्हतं त्याच्यासाठी मॅडमने रविवारचं बघते म्हणून सांगितलंय, बघू. मुलाचा फोन आला होता, "आई, ऐकलं ते खरं का?" म्हटलं, तुझ्या पोराने केलं ते खरं आहे, आणि तुझ्या आजीचं नाव यापुढे नीट घ्यायचं.  रविवारी येतो म्हणाला. येईल तेव्हा खरं.

हे मी तुला कुठे धाडणार? मोरव्याचा पोस्टमन तुला ओळखतही नाही. लिहून झालं की तांदळाच्या डब्याखाली घालीन. पण एक राहिलंय, ते लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवता येत नाहीये. त्या दिवशी उभी राहून बोलताना, तू झबलं घडी घातलंस इथवर मी आले, आणि सगळे असे पुढे वाकून बघत होते की मी म्हटलं, "माँ घर आयी और बहुत रोयी." टाळ्या पडल्या त्या तिथं. पोरगा तेव्हा दारात आलेला होता, त्यानेही ते ऐकलं. त्याने त्याचा वॉचमन खोडला, मी माझं अजून खोडलेलं नाही. मंगळवारी जाते, चहा करते, आणि जीभ उचलत नाही. तू रडली नव्हतीस. तू घरी आलीस, पाय धुतलेस, ताटावर बसलीस आणि दोनदा भात घेतलास.